शाळेच्या पत्राचं उत्तर

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल मंगळवारी सकाळी मिळालं. तिकिटं तू एकशे ऐंशीची लावली होतीस, ती कमी पडली म्हणून पोस्टमनने माझ्याकडून वर बावीस घेतले. आत निघालं ते असं: मी शिवलेलं पांघरूण एक, कुठे उसवलेलं नाही. गणिताची जाड पुस्तकं दोन. मागची छापील किंमत वाचली आणि पुस्तकं पुन्हा कागदात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवली. झाकण हरवलेली पाण्याची बाटली. लोकरीच्या मोज्यांचा एक जोड, त्यातला एक मी विणलेला नाही. टेबलावरचा दिवा, वर्तमानपत्रात बांधलेला, फुटलेला नाही. आणि दिव्याच्या बुडाशी तुझी चार ओळींची चिठ्ठी.

चिठ्ठी मी नंतर वाचली. आधी दिव्याकडेच बघत राहिले. सत्र अर्ध्यावर असताना अभ्यासातलं माणूस टेबलावरचा दिवा घरी पाठवत नाही. तुझ्या बाबांना मी म्हटलं, तिने नवा घेतला असेल. ते म्हणाले, मग जुना तिथेच कुणाला देऊन टाकायचा, त्याला एवढ्या लांबच्या प्रवासाला कशाला धाडायचं. अठ्ठावीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होते ना. एखादी गाडी वेळेआधी का आली याची चौकशी केल्याशिवाय त्यांना अजून चहा गोड लागत नाही. मी उगाच खिडकीच्या काचा पुसायला घेतल्या आणि चिठ्ठी तिथे उभ्याने वाचली. ‘आई, गणित पुन्हा दिलं आणि पुन्हा गेलं. वर्गातल्या मुलांना जे एकदा सांगून कळतं ते मला चारदा सांगावं लागतं. मला वाटतं मी चुकले. शाळेचं पत्र आलं असेल ना? परत येते म्हटलं तर घेतील का गं?’

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बसलेय, आणि कालपासून ही तिसरी बैठक आहे. पहिल्यांदा दूध उतू गेलं. दुसऱ्यांदा काहीच झालं नाही, तरी उठले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली. फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम होतं असं तू म्हणशील. पण तुला माहीत आहे, बाबा फोन आला की तो टेबलाच्या मधोमध ठेवतात, आवाज मोठा करतात आणि सभेचे अध्यक्ष असल्यासारखे समोर बसतात. मग तू म्हणतेस सगळं छान चाललंय, मी म्हणते इकडेही छान आहे, आणि ते म्हणतात, झालं ना मग, ठेवा, उगाच बिल कशाला. आपल्या घरात गेलं वर्षभर सगळं छान चाललंय ते असं.

सकाळी देवापुढे बसते तिथेही स्थिर बसवत नाही. माळेचे मणी बोटांखालून सरकतात आणि मन शाळेच्या फाटकाशी जाऊन उभं राहतं. आजवर देवाकडे मी कधी अमुकच दे असं मागितलेलं नाही. माणसाने आपलं काम नीट करावं आणि बाकीचं त्याच्यावर सोपवावं, एवढाच माझा धर्म. पण काल मी त्याच्याशी घासाघीस करायला लागले, आणि माझी मलाच लाज वाटली. कारण ज्या कामाबद्दल मी बोलत होते ते मी नीट केलेलं नव्हतं. ते सांगते, पण क्रमाने सांगू दे. क्रम सुटला की मी हातचं राखते, हे मला ठाऊक आहे.

तुला हे वेड कुठून लागलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नऊ वर्षं तू भूगोल शिकवलास, आणि नऊ वर्षं दर सुट्टीच्या शेवटी शाळेचं वेळापत्रक आपल्या जेवणाच्या टेबलावर मांडलंस. बावीस शिक्षक, अठरा वर्ग, आणि पुठ्ठ्याच्या त्या शेकडो रंगीत चिठ्ठ्या. चार दिवस पंखा बंद. बाबा म्हणायचे, सरकारचं कामकाज चालू आहे, रयतेने जमिनीवर बसून जेवावं. चित्रकलेच्या बाईंना गुरुवारी लवकर घरी जायचं, विज्ञानाची प्रयोगशाळा एकच, आणि कवायतीचे सर उन्हाच्या वेळी मैदानावर नकोत. एक चिठ्ठी हलवली की सात हलवाव्या लागत. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं, पण चौथ्या दिवशी मी सुद्धा म्हणायला लागायचे, अगं तिसरा तास भाषेला दे, मोकळं होईल. आणि व्हायचं मोकळं. मग त्या वर्षी शाळेने तो संगणकाचा माणूस बोलावला. त्याच्या यंत्राने चार मिनिटांत वेळापत्रक काढलं आणि कवायतीच्या सरांना एकाच वेळी दोन मैदानांवर उभं केलं. सगळे शिक्षक हसले. तू एकटी हसली नाहीस. घरी येऊन जेवली नाहीस आणि म्हणालीस, ‘आई, ते चुकलं ते सोड. ते चार मिनिटांत विचार कसा करतं ते मला बघायचंय.’ तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तुझ्या लग्नाच्या बोलण्यांत एकदाही पाहिलं नव्हतं, नोकरी लागली तेव्हाही नाही.

त्यानंतर तू तो अभ्यासक्रम शोधून काढलास. दुसऱ्या कुठल्याही विषयाची पदवी असलेल्यांना दोन वर्षांत संगणकशास्त्राची वरची पदवी देणारा. मला तो कागद तीनदा वाचून दाखवलास, कारण मला पटत नव्हतं की भूगोलाच्या बाईला असं कुणी आत घेईल. बाबा म्हणाले, चौतिसाव्या वर्षी रूळ बदलणारी गाडी मी पाहिलेली नाही. पण सामान बांधायला दोरी त्यांनीच आणली. शाळेने वर्षभराची बिनपगारी रजा दिली आणि तू गेलीस. जाताना म्हणालीस, रजा आहे म्हणून धीर आहे. ते वाक्य मला तेव्हा बरं वाटलं होतं. नंतर नंतर ते दातात अडकल्यासारखं झालं.

तुझी पत्रं मी सगळी जपून ठेवलीत. वर्गात सगळे बावीस-तेविसाचे, आणि तुला ‘मॅडम’ म्हणतात. पहिल्या दिवशी तू आत शिरलीस तर मागची दोन मुलं उठून उभी राहिली. संगणकाच्या खोलीत इतकी थंडी की तू मोजे घालून बसतेस. तिथली मोजणी एकापासून नाही, शून्यापासून सुरू होते, हे बाबांना इतकं आवडलं की आता ते जिन्याची पहिली पायरी मोजत नाहीत. तू लिहिलं होतंस, आई, शाळेत मुलींना मी अर्धं वाक्य बोलले तरी कळायचं, इथे यंत्राला सगळं सांगावं लागतं, थांब हेसुद्धा. आणि मग ते अकरा पानी पत्र. छोट्या शाळेचं वेळापत्रक, सहा शिक्षक आणि चार वर्ग, तुझ्या स्वतःच्या आज्ञांनी. आधी ते गोल गोल फिरतच राहिलं, कारण तू थांब म्हणायला विसरली होतीस. मग थांबलं. मग छापून आलं, आणि एकही शिक्षक दोन ठिकाणी नव्हता. त्या पत्रात तू एकाही वाक्याच्या शेवटी नीट टिंब दिलेलं नव्हतंस, एवढी धावत होतीस. ते मी बाबांना वाचून दाखवलं, मग स्वतःशी वाचलं, आणि त्या दिवशी दिवसभर घरात मी पाय न टेकता चालत होते म्हण.

आता शाळेचं. हो, पत्र आलं होतं. महिना होऊन गेला. ते रजिस्टर पत्र आणि तुझं अकरा पानी पत्र एकाच दिवशी, एकाच पोस्टमनच्या हातून आलं. शाळेने विचारलं होतं, रजा संपते आहे, सुट्टीनंतर हजर होणार की राजीनामा देणार, आठ दिवसांत लेखी कळवा. दुसऱ्या वर्षाची रजा मिळणार नाही.

त्याच्या आदल्या आठवड्यात तुझ्या जागेवरची बदलीची मुलगी आपल्याकडे येऊन गेली होती. तुझी नकाशांची टिपणं मागायला. बारीक आहे, भरभर बोलते, चहा नको म्हणाली आणि दोन कप प्यायली. मुलींना ती आवडते, हे तुला आवडणार नाही, पण आहे खरं. जाताना दारात म्हणाली, ‘काकू, रागावू नका, पण ताई परत येणार आहेत का? म्हणजे मला खोली सोडायची की ठेवायची ते ठरवता येईल.’ मी म्हटलं, विचारून सांगते. विचारलं मात्र नाही.

तुझी सही मला तुझ्यापेक्षा बरी येते. कॉलेजचे फॉर्म, बँकेचे फॉर्म, शाळेतले कसले कसले तक्ते, तू सगळं माझ्यापुढे टाकायचीस आणि म्हणायचीस, आई, तूच कर सही, मला वेळ नाही. सोळा वर्षांची सवय. त्या दिवशी बाबा फिरायला गेले, मी टेबल पुसलं, कोरा कागद घेतला आणि लिहिलं की मी पुढील शिक्षण घेत असल्याने परत येऊ शकत नाही, नऊ वर्षांच्या सहकार्याबद्दल आभारी आहे. खाली तुझी सही केली. रजिस्टर करून आले. रविवारी बाबांनी हिशेबाची वही पाहिली आणि विचारलं, हे पोस्टाचं एवढं कोणाला? मी सांगितलं, विम्याचं. त्या वहीत मी आजवर खोटं लिहिलेलं नाही. बोललेही नव्हते.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, बाळ, की शाळेने तुला काढलेलं नाही आणि तू शाळा सोडलेली नाहीस. तुझ्या वतीने मी सोडली. तू गणित दुसऱ्यांदा दिलंस तेव्हा परत यायला जागा आहे असं समजून दिलंस, आणि जागा मी तेव्हाच सोडून बसले होते.

तू विचारशील, का गं? मी पहिल्यांदा स्वतःला सांगितलं की वेळ नव्हता. आठ दिवसांत तुझं उत्तर येऊन पुढे शाळेत पोचत नाही. पण खालच्या औषधवाल्याकडे फोन आहे, तिथे अध्यक्ष नसतात. मी केला नाही. मग सांगितलं की तुझ्या भल्यासाठी. एक पाय इथे, एक पाय तिथे ठेवून तू दोन्हीकडे अवघडशील, त्या बदलीच्या मुलीलाही ताटकळत ठेवशील. हे खरं आहे, पण ते मला नंतर सुचलं. सही करताना माझ्या मनात यातलं काही नव्हतं. सही करताना मला फक्त आनंद होत होता. तो कसला, हे काल कळलं.

हे तुला कधी सांगितलं नाही. मॅट्रिक झाल्यावर मी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, राहायची सोय तिथेच. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी घरात नव्हते, धाकट्या भावाला शाळेतून आणायला गेले होते. माझ्या वडिलांनी पत्र वाचलं, एक पोस्टकार्ड घेतलं आणि लिहून टाकलं की मुलीचा विचार बदलला आहे. मी रोज पोस्टमनची वाट बघत होते. आठ महिन्यांनी सुईदोरा शोधताना खणात त्या संस्थेचं उत्तर सापडलं, तुमची जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे असं. मी ते होतं तसं ठेवलं आणि खण लावला. वडिलांना काही म्हटलं नाही. ते वाईट नव्हते. त्यांनीही माझं भलंच पाहिलं होतं. फक्त मला विचारलं नव्हतं.

माझ्या त्या निवडीच्या पत्राला मी महिन्याभरापूर्वी उत्तर दिलं. मनासारखं दिलं. पण पत्र तुझं होतं.

काल मी शाळेत गेले. घरी तुझ्या खणात शाळेतल्या नकाशांच्या कपाटाची किल्ली राहिली होती, ती द्यायचं निमित्त काढलं. मोठ्या बाईंनी बसायला सांगितलं. किल्ली घेतली, टेबलावर फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘राजीनाम्याचं पत्र फार सुवाच्य होतं हो. तुमच्या मुलीचे शेरे नऊ वर्षांत एकाही पालकाला धड वाचता आले नाहीत.’ मी म्हटलं, तिकडे जाऊन अक्षर सुधारलं असेल. त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘शाळेची समिती पुढच्या शनिवारी बसते. तोवर तो कागद माझ्या खणात आहे. माझ्या खणात आहे तोवर काही झालेलं नाही.’ मी नमस्कार करून उठले. बाहेर आले तर बदलीची मुलगी व्हरांड्यात उंच स्टुलावर चढून जगाचा नकाशा टांगत होती. वरूनच म्हणाली, काकू, सरळ आहे का बघा जरा. डावीकडून थोडा खाली होता. मी सांगितलं, तिने सारखा केला. घरापर्यंत चालत आले, बस समोर उभी असून घेतली नाही.

आता मी काय करणार ते सांगते, कारण न विचारता काही करायचं नाही असं काल ठरवलंय. तुला परत यायचं असेल तर मी शाळेत जाईन आणि मोठ्या बाईंना सांगेन की ती सही माझी आहे, माझ्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. समितीपुढे उभं राहायला सांगितलं तर राहीन. लोक हसतील. बाबांना कळेल, ते ओरडणार नाहीत, चार दिवस गप्प बसतील, ते मला ओरडण्यापेक्षा जड जातं, पण तो माझा प्रश्न आहे. त्या मुलीला खोली सोडावी लागेल, तिच्याकडेही मीच जाईन. यातल्या कशाचाही विचार करून तू उत्तर देऊ नकोस. आणि तुला तिथेच राहून तिसऱ्यांदा गणित द्यायचं असेल तर तसं लिही, म्हणजे मी तो कागद समितीपुढे जाऊ देईन. पण तेव्हा तो तुझा असेल. मला काय वाटतं ते मात्र विचारू नकोस. माझं वाटणं मी एकदा तुझ्या नावावर खर्च करून बसले.

राग आला असेल तर तोही लिही, आवरू नकोस. मी माझ्या वडिलांना तेव्हा काही लिहिलं नाही, बोलले नाही, आणि पुढे सगळं आयुष्य त्यांच्याशी फक्त हवापाण्याचं बोलत राहिले. तुझ्या-माझ्यात तसं नको.

आज गुरुवार. हे पत्र सोमवारी तुझ्या हातात पडेल. तू त्याच दिवशी टाकलंस तर शुक्रवारी मला मिळतं, आणि समिती शनिवारी आहे. तिकीट लावलेलं पाकीट सोबत घातलंय, वर माझं नाव लिहिलंय, बाबांचं नाही. फार लिहायचा धीर नसेल तर ‘शाळेत जा’ किंवा ‘नको जाऊस’ एवढंच लिही, पण खाली सही तुझ्या हाताने कर आणि उलट टपाली धाड. शुक्रवारी पोस्टमन येईपर्यंत मी दारातच आहे.

वाट पाहणारी, तुझीच
आई